आपल्या गावच्या रेडिओ केंद्राचा इतिहास कसा लिहायचा (पुणे आकाशवाणीचं उदाहरण धरून)

रेडिओ केंद्राचा इतिहास म्हटलं की बहुतेक जण उद्घाटनाच्या फोटोपासून सुरू करतात, मग आजवरच्या केंद्र संचालकांची यादी, मग ट्रान्समीटर किती किलोवॅटचा, मग कोण कोण मोठे कलावंत येऊन गेले ते, आणि संपलं. हे सगळं हवंच पण यात ऐकणारा माणूस कुठेच येत नाही, आणि केंद्र दर दहा-पंधरा वर्षांनी का बदलत गेलं तेही कळत नाही. माझं मत असं की केंद्राचा खरा इतिहास त्याच्या वेळापत्रकात असतो. सकाळी सहाला काय लागायचं, दुपारी बायकांसाठी काय होतं, संध्याकाळी शेतकऱ्याला किती मिनिटं मिळायची, रात्री नाटक होतं की नव्हतं, आणि यातलं काय कधी गेलं नि त्याच्या जागी काय आलं. हा धागा पकडला की बाकी सगळं आपोआप त्याला लागत जातं. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं वेळापत्रकाभोवती आहे. उदाहरण पुण्याचं घेतलंय कारण तिथे मराठी रेडिओतल्या फार महत्त्वाच्या गोष्टी घडल्यात, पण सांगली, जळगाव, रत्नागिरी, परभणी, कुठल्याही केंद्राला हीच पद्धत चालेल.

सगळ्यात आधी "केंद्र" म्हणजे नक्की काय ते ठरवून घ्या. ऐकायला सोपं वाटतं पण इथेच घोळ होतो. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, त्याआधी पुणेकर मुंबई केंद्र ऐकत होते, आणि मुंबईचं प्रसारण तर २३ जुलै १९२७ पासूनचं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खाजगी कंपनीनं सुरू केलेलं, ती कंपनी १९३० मध्ये बुडाली मग सरकारनं ताब्यात घेतलं आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ नाव पडलं. म्हणजे पुण्यातल्या श्रोत्याचा इतिहास केंद्राच्या जन्माआधीच सुरू होतो, त्याला एक छोटं प्रकरण द्या. दुसरं म्हणजे एकाच इमारतीत दोन-दोन केंद्रं नांदत असतात. पुण्यात मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झचं मूळ केंद्र आहे आणि वेगळी विविध भारती, ती आता एफएम १०१ वर. आजी "पुणे स्टेशन" म्हणते तेव्हा तिला पहिलं अभिप्रेत असतं, मामा म्हणतो तेव्हा बहुतेक दुसरं. दोघांच्या आठवणी एकाच वहीत मिसळल्या की पुढे काही सुटत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वह्या ठेवा.

आता तक्ता. दर पाच वर्षांनी एक साधा दिवस निवडा, रविवार नको, सणवार नको, मार्चमधला एखादा मंगळवार चालेल, आणि त्या दिवसाचा पूर्ण कार्यक्रम मांडा. आकाशवाणीत दिवसाच्या प्रसारणाचे भाग असतात त्यांना सभा म्हणतात, पहिली सभा सकाळची, दुसरी दुपारची, तिसरी संध्याकाळपासून रात्रीपर्यंतची. प्रत्येक सभेत वेळ, कार्यक्रमाचं नाव, प्रकार, भाषा, आणि तो कार्यक्रम केंद्रानं स्वतः केलेला की दिल्ली-मुंबईहून सहक्षेपित (म्हणजे तिकडचा कार्यक्रम तसाच्या तसा इथून लावलेला), एवढं लिहा. शेवटचा रकाना कधीच सोडू नका. केंद्राच्या तब्येतीचा अंदाज त्यावरूनच येतो, कारण स्वतःचे तास कमी होऊन सहक्षेपण वाढत गेलं की समजायचं केंद्राची माणसं आणि पैसे दोन्ही आटत चाललेत. प्रकार लिहिताना "मनोरंजन" असं मोघम लिहू नका, आकाशवाणीचे स्वतःचे शब्द आहेत तेच वापरा: भाषण, संवाद, श्रुतिका (छोटं रेडिओ नाटक), नभोनाट्य (मोठं रेडिओ नाटक), रूपक (एका विषयावर निवेदन, संवाद, संगीत गुंफून केलेला कार्यक्रम), सुगम संगीत, शास्त्रीय संगीत, लोकसंगीत, फोन-इन. श्रुतिका आणि रूपक यातला फरक ज्याला माहीत नाही त्याने आधी कुणा जुन्या निवेदकाकडून समजून घ्यावा, कारण केंद्राच्या बदलाची निम्मी गोष्ट तिथेच आहे.

हा तक्ता भरायला साहित्य कुठून आणायचं? जुनी वर्तमानपत्रं. पूर्वी पेपरात रोजचे रेडिओ कार्यक्रम छापून यायचे, पुण्यासाठी सकाळ आणि केसरीच्या फायली बघा, आणि प्रत्येक जिल्ह्यात एखादं तरी जुनं वाचनालय असतं जिथे बांधीव फायली पडलेल्या असतात, ग्रंथपालांना आधी भेटून सांगा की काय शोधताय, धूळ झटकायला स्वतः बसा, फोटो काढायची परवानगी लेखी घ्या. आकाशवाणीचं स्वतःचं इंग्रजी नियतकालिक होतं इंडियन लिसनर नावाचं, १९५८ पासून त्याचं नाव आकाशवाणी झालं, त्यात केंद्रवार कार्यक्रम छापलेले असतात आणि त्याचे बरेच अंक स्कॅन होऊन इंटरनेटवर आलेत. पण एक लक्षात ठेवा, छापलेला कार्यक्रम म्हणजे ठरवलेला कार्यक्रम. कलाकार आला नाही, कुणी मोठा नेता गेला, लाइन तुटली, की प्रत्यक्षात वेगळंच लागायचं. प्रत्यक्ष काय लागलं ते ड्यूटी रूमच्या नोंदवहीत असायचं, आणि त्या वह्या बऱ्याच ठिकाणी रद्दीत गेल्यात. तरी विचारा, विचारायला काही लागत नाही.

तक्ता भरला की लाल पेन घ्या आणि जिथे जिथे मोठा बदल दिसतो तिथे खूण करा. आता खरं काम. प्रत्येक खुणेपाशी विचारायचं की हे का झालं. आणि इथे कृपया "काळाप्रमाणे बदल झाला" असलं वाक्य लिहू नका, काळ काही स्टुडिओत येऊन बटण दाबत नाही, कुणीतरी निर्णय घेतलेला असतो किंवा कुठलं तरी यंत्र बाजारात आलेलं असतं किंवा पैसा कुठून तरी यायला लागलेला नाहीतर थांबलेला असतो.

पुण्याचंच बघा. १९५५ च्या तक्त्यात हिंदी फिल्मी गाणी शोधायला जाल तर अगदी तुरळक सापडतील. कारण १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, त्यांना सिनेसंगीत रेडिओवर नकोच होतं, चित्रपट निर्मात्यांशी वाद झाला आणि ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ गायब झाली. श्रोते गेले श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे, तिथे अमीन सायानींची हिंदी सिनेगीतांची गीतमाला सुरू झाली होती. आता आकाशवाणीला गोड, सोपी, घरात सगळ्यांनी ऐकावी अशी गाणी तर हवी होती पण सिनेमाची नको होती, म्हणून केंद्राकेंद्रात सुगम संगीतावर भर आला, कवी आणि संगीतकार यांना काम मिळालं. या पार्श्वभूमीवर गीतरामायण ठेवून बघा. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे केंद्र. केंद्रातले सीताकांत लाड यांच्या पुढाकारानं ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं आणि सुधीर फडक्यांनी चाल लावायची, दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून ५६ गाणी झाली आणि मालिका १९ एप्रिल १९५६ ला, म्हणजे पुढच्या रामनवमीला संपली. लोक याला चमत्कार म्हणतात आणि प्रतिभेच्या बाबतीत तो आहेच, मी त्याबद्दल वाद घालणार नाही, पण इतिहास लिहिणाऱ्याने हेही लिहिलं पाहिजे की हा एक फॉर्मॅट होता. ठरलेल्या वेळी, साप्ताहिक, वेगवेगळे गायक, एकच कथा पुढे पुढे जाणारी, आणि पुढच्या आठवड्याची वाट बघायला लावणारी. मालिका हा प्रकार घराघरात पोचवायचं काम रेडिओनं टीव्हीच्या कितीतरी आधी केलं ते असं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे असे गायक त्यात होते, ही नावं द्या, पण त्याच पानावर तो साप्ताहिक आराखडाही द्या.

वाद्यांकडेही कान द्या. १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, ती १९७१ मध्ये जाऊन सैल झाली. म्हणजे त्या मधल्या तीस वर्षांत केंद्रावर गाणाऱ्याच्या साथीला काय होतं, सारंगी की व्हायोलिन की आणखी काही, हे जुन्या कलाकारांना आवर्जून विचारा, असे तपशील कुठल्याही सरकारी अहवालात मिळत नाहीत.

पुण्याची दुसरी गोष्ट गीतरामायणाइतकीच मोठी आहे पण ती कुणाला माहीत नसते, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. १९५६ मध्ये फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं घेतली, प्रत्येक गावात साधारण वीस जणांचा गट, गटाला एक प्रमुख आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, असे एकूण २० कार्यक्रम. गट एकत्र बसून ऐकायचा, ऐकून झाल्यावर चर्चा करायचा, काय ठरलं आणि काय प्रश्न पडले ते चिटणीस लिहून केंद्राला पाठवायचा, आणि पुढच्या कार्यक्रमात त्याची उत्तरं यायची. टाटा समाज विज्ञान संस्थेच्या माध्यमातून पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला, गट असलेली गावं आणि नसलेली गावं यांची तुलना करून, आणि गट असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. पुढे देशभर असे गट निघाले. आज आपण इंटरॅक्टिव्ह म्हणतो ते पोस्टकार्डावर चाललेलं होतं हो! युनेस्कोनं याचा अहवाल छापलाय, तो त्यांच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतो. तुमचं केंद्र या पाच जिल्ह्यांच्या आसपासचं असेल तर ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरात, सार्वजनिक रेडिओच्या नोंदीत, याचा माग नक्की काढा. ग्रामीण कार्यक्रमांसाठी व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील यांच्यासारखे लेखक पुणे केंद्रात नोकरीला होते हेही विसरू नका, बोलीभाषा रेडिओवर कशी आली याचं उत्तर अशा नेमणुकांमध्ये सापडतं.

पुढच्या खुणा मी भरभर सांगतो, त्या सगळीकडे साधारण सारख्याच आहेत. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती, म्हणजे सिलोनकडे गेलेले श्रोते परत आणायचा प्रयत्न. १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे, नागपूर इथल्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि इथून प्रायोजित कार्यक्रम, जिंगल, सेकंदांचा हिशोब हे सगळं आलं. त्याच सुमाराला ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेला, म्हणजे रेडिओ दिवाणखान्यातल्या फळीवरून उतरून शेतात, टपरीवर, सायकलच्या हँडलला गेला, आणि एकत्र बसून ऐकायचे कार्यक्रम हळूहळू एकट्यानं काम करता करता ऐकायचे झाले. १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन, १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही टीव्ही दिसायला लागला. तुमच्या तक्त्यात संध्याकाळच्या सभेचं काय झालं ते नीट तपासा, नाटक कधी रात्रीतून हललं, कोणता कार्यक्रम सकाळी गेला. टीव्हीनं रेडिओ मारला असं सगळे म्हणतात पण कुठल्या तासात मारला आणि कुठल्या तासात रेडिओ टिकला हे सांगायला तक्ताच लागतो. पुण्याच्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या टीव्ही येऊनही कित्येक वर्षं घराघरात लागायच्या, सुधा नरवणे यांचा आवाज ऐकून लोक घड्याळं लावायचे, कारण सकाळी त्या वेळी माणूस दाढी करत असतो, डबा भरत असतो, डोळे रिकामे नसतात.

आता मुलाखती. हे सगळ्यात आनंदाचं काम आहे आणि ते लवकर करा, कागद थांबतील पण ऐंशी पार केलेली माणसं थांबणार नाहीत. "तुम्हाला रेडिओबद्दल काय आठवतं" असं विचारलं की सगळ्यांकडून तीच चार वाक्यं येतात, तेव्हाचा रेडिओ वेगळाच होता वगैरे. त्याऐवजी जागा आणि वेळ विचारा. रेडिओ घरात कुठे ठेवलेला होता? बटण कोण लावायचं, मुलांना हात लावायची परवानगी होती का? दुपारचा बायकांचा कार्यक्रम लागायचा तेव्हा हातात काय काम असायचं? शेजारची कोण यायची ऐकायला? लायसन कोण भरायचं? हा लायसनचा प्रश्न तरुणांना माहीत नसतो पण रेडिओ बाळगायला पोस्टात वार्षिक फी भरावी लागायची आणि त्याचं पुस्तक मिळायचं, ते पुस्तक कुणाच्या ट्रंकेत असेल तर फोटो काढा, त्यावर रेडिओ संचाची माहिती आणि वर्षावर्षाच्या नोंदी असतात, म्हणजे त्या घरात रेडिओ कधी आला ते पक्कं कळतं.

तारखा लोकांना आठवत नाहीत म्हणून मोठ्या घटनांना खुंटी बनवा. पानशेत फुटलं त्या दिवशी, १२ जुलै १९६१ ला, रेडिओवर काही ऐकलं का? कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७? इंदिरा गांधी गेल्या तेव्हा बातमी कुठे कळली? १९८३ चा वर्ल्डकप? अशा प्रश्नांवर माणसं अचानक बारीक सारीक सांगायला लागतात. आणि आठवण आणि नोंद जुळली नाही तर घाबरू नका, आजोबांना खोटं ठरवूही नका, दोन्ही लिहा. गीतरामायण लागायच्या आधी रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे असं खूप घरांत सांगतात, ते तुम्ही "आठवण" म्हणूनच लिहा, कुणाच्या घरची, कुणी सांगितली, तेव्हा सांगणाऱ्याचं वय काय होतं, सगळं. नाव छापायची परवानगी मात्र आधी घ्या, नको म्हणाले तर गाव आणि वय पुरे.

फक्त श्रोत्यांना भेटून थांबू नका. रेडिओ दुरुस्त करणारे मेकॅनिक भेटा, त्यांना माहीत असतं कुठल्या गावात कुठलं केंद्र स्पष्ट लागायचं. कॅज्युअल निवेदक भेटा, महिन्यातून काही ठरावीक ड्यूट्या मिळणारे, केंद्राचा आवाज अनेकदा तेच असतात आणि कुठल्याही यादीत त्यांचं नाव नसतं. इंजिनिअर, ट्रान्समीटरवर रात्रपाळी करणारे, टेप लायब्ररी सांभाळणारे, कँटीनवाले. संचालकांची मुलाखत शेवटी घ्या, तोवर तुमच्याकडे नेमके प्रश्न तयार असतील.

सरकारी कागदांसाठी माहितीचा अधिकार आहे. प्रसार भारती (आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी संस्था) त्यात येते, अर्जाला १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. पण "केंद्राच्या इतिहासाची सर्व माहिती द्या" असा अर्ज केला तर काही हाती लागणार नाही. एकेका अर्जात एकेक गोष्ट मागा, अमुक वर्षाचा फिक्स्ड पॉइंट चार्ट (केंद्रातला पक्का वेळापत्रकाचा तक्ता, आत सगळे याच नावानं ओळखतात), अमुक वर्षी ट्रान्समीटर बदलल्याची तारीख, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. शेवटचा आकडा सहक्षेपणाच्या रकान्याशेजारी ठेवून बघा, बरंच काही उलगडेल. फ्रिक्वेन्सीच्या बाबतीत एक वेगळा खजिना आहे, डीएक्सिंग करणारे हौशी लोक, दूरदूरची केंद्रं पकडून त्यांना पत्र लिहिणारे. केंद्र त्यांना पावतीदाखल क्यूएसएल कार्ड पाठवायचं, त्यावर तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी असते. आणि वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक १९४७ पासून निघायला लागलं, त्यात जगभरच्या केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी असतात.

जुन्या कॅसेट आणि स्पूल (टेपची उघडी रिळं) मिळाले तर घाई करून वाजवू नका. कॅसेट बुरशी लागलेली नाही ना ते उजेडात बघा, एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवायची, वेव्ह फाइल मूळ म्हणून जपायची, लोकांना पाठवायला एमपी३ वेगळी. स्पूल घरी हाताळू नका, चांगलं मशीन असणाऱ्याकडेच न्या. रेकॉर्डिंगच्या आधीची आणि नंतरची उद्घोषणा कापू नका, गाणं बाजारात मिळेल पण "हे आकाशवाणीचं पुणे केंद्र आहे" म्हणणारा तो आवाज आणि ती वेळ दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

खाजगी एफएमचा इतिहास अलीकडचा म्हणून सोपा वाटतो पण उलट आहे, कागद कमी, रेकॉर्डिंग कमी, माणसं सतत नोकऱ्या बदललेली. इथे परवान्याच्या अटी वाचा, फॉर्मॅटचं मूळ तिथे आहे. पहिल्या टप्प्यात ठरावीक परवाना फी होती आणि ती दरवर्षी १५ टक्के वाढायची, काही केंद्रं त्यातच बुडाली, मग २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशोब आला. स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभाही २०१९ मध्ये प्रत्यक्षात आली. फी जबरदस्त आणि बातम्या नाहीत, मग उरतं काय, जास्तीत जास्त लोकांना आवडतील अशी नवी हिंदी गाणी आणि मधे आरजेची बडबड. मराठी शहरात मराठी गाणी इतकी कमी का याचं उत्तर शोधताना नुसतं चिडण्यापेक्षा हा हिशोब मांडा, आणि मग चिडा, तेव्हा त्याला वजन येतं. जिंगल, टॅगलाइन, सकाळच्या शोचं नाव कधी बदललं याच्या नोंदी जुन्या होर्डिंगच्या फोटोंत आणि पेपरातल्या जाहिरातींत मिळतात. सामुदायिक रेडिओ असेल, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी किंवा म्हसवडचं माणदेशी तरंग यांसारखं, तर तिथे शंभर वॅटच्या आत चालणारं केंद्र असतं, स्वयंसेवी संस्थांना ही परवानगी २००६ च्या अखेरीस मिळाली, आणि तिथे श्रोता आणि निवेदक एकाच गल्लीतले असतात म्हणून मुलाखतींवर जास्त भर द्या.

लिहिताना प्रकरणं संचालकांच्या कारकिर्दीप्रमाणे पाडू नका, तक्त्यातल्या लाल खुणांप्रमाणे पाडा. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्या काळातल्या एका दिवसाचा पूर्ण कार्यक्रम छापा. आणि आजपर्यंत या, जुन्या आठवणींत थांबू नका. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला होता, पुण्यातून जोरदार विरोध झाला आणि त्याला स्थगिती मिळाली. लोकांना ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्यांशी काय नातं वाटतं ते त्या काही दिवसांच्या पेपरांत स्पष्ट दिसतं, ती कात्रणं आत्ताच जमवा. त्याच वर्षी मे महिन्यात ऑल इंडिया रेडिओ हे नाव सोडून सगळीकडे आकाशवाणीच म्हणायचं असा आदेश निघाला, तेव्हा जुन्या पाट्या, लेटरहेड, माइकवरचे बिल्ले यांचेही फोटो लगेच काढून ठेवा.

ध्वनिफिती लोकांसमोर ठेवायच्या आधी हक्कांचं बघा. प्रसारणावरचा हक्क २५ वर्षांचा असतो, पण ध्वनिमुद्रणावरचा ६० वर्षांचा, आणि आतल्या गाण्याचे, लेखनाचे हक्क वेगळे. म्हणजे १९५५ चं रेकॉर्डिंग असलं तरी कवीचे वारस विचारायला लागतात. शंका असेल तर पूर्ण फाइल न टाकता वर्णन टाका आणि ऐकायला वाचनालयात या म्हणा. सगळ्या फायलींच्या, मुलाखतींच्या, तक्त्यांच्या तीन प्रती करा, एक स्वतःकडे, एक जिल्ह्याच्या वाचनालयात, एक केंद्रालाच द्या, आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, केंद्र आणि सभा लिहा, कारण "रेकॉर्डिंग नवीन फायनल २" नावाची फाइल दहा वर्षांनी कुणालाच उपयोगी पडत नाही.